दांडा भिजत घालू नका, मी बारा घालून बसलेय

तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या मागीलदारचा हौद डोळ्यांसमोर आला. लाकडी दांड्याचा फरशी घासायचा ब्रश, दांडा सारखा हलतो. सासरे म्हणाले रात्रभर पाण्यात ठेव, ठेवलात, घट्ट झाला आणि चार दिवसांत परत ढिला. पुन्हा भिजवलात तर दोनच दिवस टिकला. आता विचारताय की सॉकेटमध्ये, म्हणजे दांडा बसतो त्या भोकात, गोंद ओतू का नवा ब्रश घेऊ. शिवाय मॉपचा स्टीलचा दांडा पुसता पुसता गरगर फिरतो, ते वेगळंच.

मॉपवर खाली येते. ब्रशाचं आधी, कारण हे सगळं मी करून बसलेय आणि एकदा नव्हे, तीनदा. तुमचं दोनदा झालंय, तेवढ्यावर थांबा.

आधीच सांगते, मी सुतार नाही. मालवणजवळ पाच खोल्यांचा होमस्टे चालवते. बाथरूम, पडव्या, जांभ्याच्या पायऱ्या, अंगण, सगळं मिळून वर्षाला किती ब्रश आणि मॉप संपतात ते माझं मला माहीत. जे लिहितेय ते हातांनी केलेलं आहे, पण तुमचा ब्रश माझ्यासमोर नाही एवढं लक्षात ठेवून वाचा.

२०१७ च्या एप्रिलमध्ये मे महिन्याच्या गर्दीआधी मी एकदम बारा ब्रश मागवले. प्लास्टिकचं डोकं, त्याला निमुळती सॉकेट आणि त्यात ठोकून बसवायचा लाकडी दांडा. ठोकून बसवले तरी सगळे थोडे थोडे हलत होते. मला आठवलं, वडील पेरणीच्या आधी कुदळी, फावडी रात्रभर पाण्यात टाकून ठेवायचे आणि सकाळी दांडे असे घट्ट की हातोडीने निघायचे नाहीत. म्हटलं, चला. बाराच्या बारा ब्रश हौदात उभे केले, डोकी खाली. सकाळी बघते तर एकही हलेना. त्या दिवशी मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं की शेजारणीलाही सांगून आले.

पाचव्या दिवशी निम्मे ढिले. परत हौदात. तिसऱ्या दिवशी सगळे ढिले. परत हौदात. तिसऱ्या खेपेनंतर तीन ब्रशांच्या सॉकेटना उभ्या चिरा गेल्या, आणि एकाचं डोकं जिना घासताना निसटून पायऱ्यांवरून उड्या मारत थेट पाहुण्यांच्या पोह्यांच्या टेबलाखाली गेलं. पाहुणे हसले. मी पण हसले, आत जाऊन रडले. अडीच हजारांच्या आसपास गेले होते आणि सीझन तोंडावर.

मग कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. मराठीसाठी २ दाबा, तक्रारीसाठी ४ दाबा, आणि मग ताई म्हणाल्या की दांडा हा वेगळा आयटम आहे, डोकं हा वेगळा, त्यामुळे तक्रारीही दोन वेगळ्या नोंदवाव्या लागतील. दोन नोंदवल्या. एकीत उत्तर आलं की दांड्यात दोष नाही, डोक्याच्या विभागाशी बोला. दुसरीत आलं की डोक्यात दोष नाही. ब्रशाचा सिरियल नंबर दिसेल असा फोटो पाठवा म्हणाले. फरशी घासायच्या ब्रशाला सिरियल नंबर कुठे असतो हे कुणाला माहीत असेल तर मलाही सांगा. सहा आठवड्यांनी दोन्ही तक्रारी 'निवारण झाले' म्हणून बंद. खरं सांगायचं तर भिजवण्याचा उपद्व्याप माझाच होता, पण एका माणसाने जरी फोनवर 'बाई, त्या बाजूच्या भोकात स्क्रू मारलात का?' एवढं विचारलं असतं तरी सगळं निभावलं असतं.

कारण खरा घोळ त्या भोकाचा होता. सॉकेटच्या बाजूला एक बारीक भोक असतं. तुमच्याही ब्रशाला असेल, आत्ता जाऊन बघा. मला वाटायचं ते पाणी निथळायला आहे. ते स्क्रूसाठी असतं! स्क्रू पाकिटात देत नाहीत, कुठे लिहितही नाहीत.

हे मला सांगितलं आमच्या दारं बसवायला आलेल्या मिस्त्रींनी. हौदाची गोष्ट ऐकून ते म्हणाले, "बाय, कुदळीचा काम दांडो घट्ट करता, हेचा काम दांडो उपसता." हे वाक्य मी अजून विसरले नाही. कुदळीच्या दांड्याचं जाड टोक नेढ्याच्या वरच्या बाजूला येतं, त्यामुळे प्रत्येक घावागणिक लोखंड जाड टोकाकडे सरकून आणखी घट्ट बसतं. ब्रश आपण मागे ओढतो, तेव्हा प्रत्येक ओढीला दांडा सॉकेटमधून बाहेर यायला बघतो. दिसायला दोन्हीकडे दांडा आणि भोक, पण काम उलटं.

आणि भिजवल्यावर काय होतं ते त्यांनी एका तुकड्यावर नख दाबून दाखवलं. लाकूड पाणी प्यायलं की रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. सॉकेटमध्ये फुगायला जागा नसते, मग बाहेरचे धागे स्वतःच चेपले जातात. वाळलं की लाकूड आकसतं, पण चेपलेले धागे परत उभे राहत नाहीत, म्हणून आधी होतं त्याहूनही बारीक होतं. म्हणजे दर भिजवणीला दांडा थोडा थोडा बारीक होत जातो. तुमचं चार दिवसांवरून दोन दिवसांवर आलं ते यामुळेच. लोखंडाचं नेढं ते फुगणं सोसतं, प्लास्टिकला चिरा जातात. कुदळीवाल्यांचंही हेच होतं म्हणा, पण ते दर वेळी कामाआधी भिजवतात आणि दोन-चार वर्षांनी दांडा बदलतात. आपल्याला फरशी रोज घासायची असते.

तर आता काय करायचं. दांडा काढा, सावलीत आठ-दहा दिवस पूर्ण वाळू द्या. उन्हात नको, टोकाला चिरा पडतात. ओल्या दांड्यावर केलेली कुठलीही दुरुस्ती पंधरा दिवसांत फसते. चेपलेलं टोक चार बोटं करवतीने कापून टाका आणि नव्या टोकाला सॉकेटसारखी निमुळती चाल द्या. इथे लोक सॅंडपेपर घेऊन बसतात आणि गोल करता करता इतकं बारीक करतात की दांडा आत जाऊन खुळखुळतो. कानस घ्या. सॉकेटच्या आतून खडू फासायचा, दांडा दाबून अर्धा फेरा फिरवायचा, बाहेर काढायचा. जिथे खडू लागला तिथेच लाकूड टेकतंय, तेवढंच कानसायचं. पाच-सहा खेपा लागतात. शेवटी सगळीकडे सारखा खडू लागला की हाताने दाबूनसुद्धा दांडा हलत नाही. मग टोक वर आणि डोकं खाली धरून दांड्याचं वरचं टोक लाकडी हातोडीने ठोका, किंवा उलटं धरून दांडाच जमिनीवर आपटा, डोकं आपोआप खाली बसतं. ब्रशाच्या डोक्यावर हातोडी मारू नका.

मग स्क्रू. स्टेनलेसचा, चार मिलीमीटरचा, आणि त्याआधी अडीच-तीनच्या ड्रिलने लाकडात भोक पाडून. हे भोक चुकवलंत तर दांडा उभा फाटेल, बांबू असेल तर नक्कीच. खिळा नको. ओल्या जागी तो गंजतो, गंजून फुगतो आणि दोन महिन्यांत ओढला की बाहेर. काही जण डोक्याच्या खालून सरळ दांड्याच्या टोकात स्क्रू मारतात. तेही करू नका, टोकात स्क्रू धाग्यांच्या दिशेने जातो, तिथे लाकूड धरून ठेवत नाही. आडवा मारा.

गोंद? माझं मत विचाराल तर नाही. सुतारकामाचा पांढरा गोंद रोजच्या पाण्यात विरघळतो. मळून लावायची एपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारा गोंद) लाकडाला छान धरते, पण ही डोकी बहुतेक पॉलिप्रॉपिलीनची असतात आणि त्या प्लास्टिकला बहुतेक कुठलाच गोंद धरत नाही. आतल्या आत एपॉक्सीचा एक गठ्ठा तयार होतो, तो दांड्यासकट बाहेर येतो, आणि न आलाच तर आणखी वाईट, कारण ब्रशाचे केस झिजल्यावर चांगला दांडा फेकून द्यावा लागतो. लाकडी डोक्याचा ब्रश असेल तर गोष्ट वेगळी.

दांड्याच्या कापलेल्या टोकाला बसवण्याआधी जवसाचं तेल दोन हात लावा, पाणी टोकातूनच सगळ्यात जास्त शिरतं. एक मात्र कळकळीने सांगते, त्या तेलाचे बोळे चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाच्या तेलाच्या चिंध्या आपोआप तापून पेटू शकतात. दोरीवर पसरून वाळवा, मग टाका.

नवा दांडाच करायचा असेल आणि तुम्ही आमच्या बाजूचे असाल तर माणगा बघा. हा बांबू आतून जवळजवळ भरीव असतो, स्क्रू धरतो. पोकळ बांबूत स्क्रू मारायला जाल तर फसाल. पेराची गाठ सॉकेटच्या अगदी जवळ येईल असं कापा, तिथे फाटत नाही. माझे निम्मे दांडे आता माणग्याचे आहेत.

आता मॉप. इथे एकच प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तो तुम्ही लिहिलेला नाही: नेमकं काय फिरतंय? डोकं एका हाताने घट्ट धरा आणि दांडा फिरवा. या स्टीलच्या किंवा पावडर कोटिंगच्या पोकळ पाइपाच्या टोकाला एक प्लास्टिकची टोपी दाबून बसवलेली असते, आटे त्या टोपीवर असतात. बहुतेक वेळा आटे शाबूत असतात आणि टोपीच पाइपात फिरत असते. लोक बिचारे आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळत बसतात. मीही बसले होते. टोपी फिरत असेल तर ती उपसून काढा, पाइपाचं टोक गंजलं असेल तेवढं हॅक्सॉने कापा, टोपी परत बसवा आणि पाइप व टोपी दोन्हींतून आरपार भोक पाडून चार मिलीमीटरचा बोल्ट आणि नायलॉनचा नट टाका. भोक आट्यांच्या वरच्या गळ्यात, आट्यांत नाही, नाहीतर बोल्टचं डोकं अडून दांडा आत जाणार नाही. ड्रिल करताना पाइप हातात धरू नका, फिरून मनगटाला लागतो. खाली लाकडाची खाच करून त्यात ठेवा.

आटेच गेले असतील तर मात्र नवीन डोकं. आणि घेताना जुना दांडा दुकानात घेऊन जा. सगळे आटे दिसायला सारखे, पण एक नसतात. अमेरिकन पद्धतीचे पाऊण इंची दांडे असतात त्यात इंचाला पाच आटे, इटालियन म्हणून जे मिळतात ते वेगळे, आणि आपल्याकडे ज्याच्या साच्यात जे बसेल ते. खूण सोपी आहे: जोर न लावता दोन-तीन पूर्ण फेरे गेले तर जुळतंय. पहिल्या फेऱ्यातच अडलं आणि दुकानदार म्हणाला 'जरा दाबून फिरवा, बसेल', तर दुकान बदला. दाबून बसतं, पण पहिल्याच दिवशी आटे चिरून बसतं.

दांड्याची लांबी हा माझा दुखरा विषय आहे, त्यामुळे दोन ओळी सहन करा. आपल्याकडे विकले जाणारे निम्मे दांडे कुणासाठी बनवतात कोण जाणे. सरळ उभं राहिल्यावर दांडा हनुवटीपर्यंत यायला हवा. दुकानात चार फुटी देतात, माझ्याकडे काम करणाऱ्या दोघींतली एक साडेपाच फुटांची आहे, ती दिवसभर वाकून पुसायची आणि संध्याकाळी कंबर धरून बसायची. त्यात वर ऐकायला मिळायचं 'सवय होते'. सवय नाही होत, मणके जातात. मी दांडे स्वतः करायला लागले त्यामागचं निम्मं कारण हेच.

ब्रश बादलीत उभा ठेवायची सवय असेल तर तीही सोडा, सॉकेट दिवसभर पाणी पीत राहते. दांड्याच्या वरच्या टोकाला भोक पाडून खिळ्याला टांगा, डोकं खाली, म्हणजे पाणी सॉकेटपासून लांब निथळतं.

आणि अंगणासाठी हिराचा, म्हणजे नारळाच्या पात्यांतल्या काड्यांचा, खराटा वापरत असाल तर त्याला यातलं काहीच लागत नाही. काठी टोक काढून हिरांच्या मधोमध खुपसायची आणि उलटं करून काठीचं टोक दगडावर आपटायचं. हीर आणि बांधणी काठीवर सरकत घट्ट होतात. ढिलं झालं की परत आपटा. आमची आजी एवढंच करायची आणि तिला कुठल्याच ग्राहक सेवेला फोन करावा लागला नाही.

मॉपची टोपी आणि डोक्याचं तोंड, दोन्ही दिसतील असा एक फोटो टाका, शेजारी पट्टी ठेवून. फिरतंय कुठे ते सांगा, मग बोल्ट कुठे मारायचा ते बघू. आणि सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, त्यांचं कुदळीसाठी अगदी बरोबर आहे.