राज्याचं ‘मत्स्यव्यवसाय मंत्रालय’ आहे तरी कुठे?

प्रश्न मालवणहून आलाय. मच्छीमार सोसायटीच्या अर्जावर ‘महाराष्ट्र राज्य मत्स्यव्यवसाय मंत्रालय, मुंबई यांस’ असा मायना घातला होता. सोसायटीतले एक निवृत्त हेडक्लार्क म्हणाले, असं मंत्रालयच नाही, मायना बदला. खरं काय?

हेडक्लार्क भाऊंचं खरं. महाराष्ट्रात मंत्रालय एकच, आणि ती चक्क एक इमारत आहे. दिल्लीत अर्थ मंत्रालय, रेल्वे मंत्रालय, २०१९ पासून मत्स्यपालनाचंही मंत्रालय. तिथे हा शब्द खात्यासाठी वापरतात. आपल्याकडे खातं म्हणजे ‘विभाग’: गृह विभाग, वित्त विभाग. कुठलाही जीआर घ्या. वर विभागाचं नाव, आणि त्याखाली मादाम कामा मार्ग, हुतात्मा राजगुरू चौक, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२. म्हणजे मंत्रालय आलंय ते पत्त्यात. समोरच्या इमारतीचा पत्ता तर ‘नवीन प्रशासन भवन, मंत्रालयासमोर’ असाच लिहितात. वाहिन्यांवर ‘राज्याचं गृह मंत्रालय’ सर्रास ऐकू येतं. दिल्लीच्या बातम्या भराभर मराठीत आणताना लागलेली ती सवय आहे, आणि मला ती खटकते.

ही इमारत १९५५ची. तेव्हा तिचं नाव सचिवालय. १९७५ साली शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना सचिवालयाचं मंत्रालय झालं. कारभार सचिवांचा नव्हे, लोकांनी निवडून दिलेल्या मंत्र्यांचा, असा नावामागचा रोख. जुना शब्द मात्र पुरता गेला नाही. जवळच्या जिमखान्याचं नाव अजून सचिवालय जिमखाना, आणि ‘विधानमंडळ सचिवालय’, ‘मुख्यमंत्री सचिवालय’ यांत तो ‘सचिवांचं कार्यालय’ या नेमक्या अर्थाने टिकून आहे. सिंधुदुर्गात तुम्हाला पणजीचंही सचिवालय ऐकून ठाऊक असेल: मांडवीकाठचा आदिलशहाचा वाडा. गोव्याची विधानसभा २०००मध्ये पर्वरीला गेली, तरी लोक त्याला जुनं सचिवालयच म्हणतात.

आता व्याकरणाची गंमत. मंत्र्यांचं आलय ते मंत्रालय, असं आपण धरून चालतो. पण ‘मंत्रि’ला ‘आलय’ जोडलं तर संधी होईल ‘मंत्र्यालय’. ‘मंत्रालय’ फुटतो तो मंत्र अधिक आलय असा. इथला मंत्र जपाचा नव्हे. संस्कृतात मंत्र म्हणजे मसलत, खलबतही. मसलत देणारा तो मंत्री. तेव्हा मंत्रालय म्हणजे शब्दशः खलबतखाना, आणि हे नाव इमारतीला अगदीच विजोड आहे असं कोण म्हणेल? (राघवेंद्र स्वामींचं तुंगभद्रेकाठचं मंत्रालय वेगळं. तिथे मंत्र जपाचाच.)

सचिव आणि मंत्री ही जोडी कोकणाला नवी नाही. रायगडावर १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास फारसी पदनामांना संस्कृत नावं मिळाली, तेव्हा सुरनीस झाले सचिव आणि वाकनीस झाले मंत्री. दोघेही अष्टप्रधानांतलेच. सचिव दफ्तराची, पत्रव्यवहाराची तपासणी करायचे. मंत्री महाराजांची रोजनिशी आणि खाजगी कारभार बघायचे. मंत्री वर आणि सचिव त्याच्या हाताखाली, ही उतरंड फार पुढची.

बोलण्यात ‘मंत्रालय’ हा शब्द इमारतीपुरता राहिलेला नाही, हेही खरं. ‘फाईल मंत्रालयात अडकली’ म्हणताना भिंती कुणाच्याच मनात नसतात, सरकारच असतं. ‘सहावा मजला’ म्हटलं की मुख्यमंत्र्यांचं कार्यालय. बोलताना हे सगळं चालतं, चालू दे. अर्जात मात्र आधी पदनाम, मग विभागाचं पूर्ण नाव, आणि मंत्रालय शेवटी, पिनकोडाच्या अलीकडे. विभागांची नावं जोडली-तोडली जात असतात, म्हणून ती जुन्या अर्जावरून उतरवू नका, ताज्या जीआरवरून घ्या.