५२ ची घेऊ की ७७ ची? आणि ठेव मोडून?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात आधी लिहून टाकतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. घरात पाच माणसं, दोन मुलं शाळेत, आईंचे गुडघे दुखतात म्हणून खाली वाकून बसायची गाडी आता नको. सध्याची पेट्रोल कार नऊ वर्षांची, लिटरला साडेतेरा देते, गिअरबॉक्सचं मोठं काम निघालंय. रनिंग महिन्याला अकराशे किमी, ऑफिसचं रोजचं येऊन-जाऊन चाळीस. पार्किंग स्वतःचं आणि तिथे प्लग पॉइंट आहे. मनात फोक्सवॅगनची इलेक्ट्रिक आयडी फोर भरलीय, ५२ आणि ७७ किलोवॅट अवर अशा दोन बॅटऱ्या समोर आहेत, तुम्हाला मिळालेल्या कोटेशनप्रमाणे ७७ वाली ५२ पेक्षा पाचव्या हिश्शाने महाग, आणि सेल्समन म्हणतोय मोठीच घ्या, सात वर्षांचं लोन करून देतो. डाउन पेमेंटमध्ये जो खड्डा पडतोय तो सहा महिन्यांच्या खर्चाची ठेव मोडून भरायचा विचार आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. इलेक्ट्रिक घ्यायचं ठरवलंत ते तुमच्या बाबतीत बरोबर आहे, पण ७७ नको, सात वर्षं नको, आणि ठेवीला तर हातच लावू नका.

आता का ते. आधी चालवायचा खर्च बघू, कारण सगळे तिथूनच सुरू करतात आणि तिथेच फसतात. अकराशे किमीला आज तुम्ही साधारण ८२ लिटर पेट्रोल जाळता. या साइजची गाडी १०० किमीला १८ युनिटच्या आसपास वीज खाते (किलोवॅट अवर म्हणजे आपल्या लाइट बिलातलं युनिटच, त्याला घाबरू नका), म्हणजे महिन्याला १९८ युनिट, आणि चार्जिंग होताना दहाएक टक्के वाटेत गळतात ते धरून मीटरवर २२० पडतील. म्हणजे ८२ लिटर विरुद्ध २२० युनिट. भागाकार करा, २.७ येतं. तुमच्याकडे एका लिटरच्या पैशात घरच्या विजेची २.७ पेक्षा जेवढी जास्त युनिटं येतील तेवढी तुमची बचत. हाच भागाकार रस्त्यावरच्या फास्ट चार्जरच्या रेटनेही करून बघा, बऱ्याचदा तिथे बचत अगदीच लहान होते, आणि म्हणून ज्याला घरी चार्जिंग नाही त्याला मी इतक्या सहज हो म्हणत नाही. तुमच्याकडे पार्किंगमध्ये प्लग आहे हीच तुमच्या सगळ्या पत्रातली सगळ्यात किमती गोष्ट आहे, तुम्ही ती एका ओळीत उरकलीत!

रोजचे चाळीस किमी म्हणजे सव्वासात युनिट. ३२ अँपिअरच्या वॉल चार्जरवर, म्हणजे ७.४ किलोवॅटवर, तासाभराचं काम. अगदी साध्या १० अँपिअरच्या सॉकेटवरही साडेतीन तासात होतं, रात्री लावून झोपा. फक्त वायरमनकडून त्या पॉइंटला वेगळी लाइन आणि नीट अर्थिंग करून घ्या, कारण इस्त्री दहा मिनिटं चालते आणि हे तासन्तास एकसारखं ओढत राहतं, तिथे जुनी वायर तापते. हा खर्च बजेटमध्ये धरा, मोठा नसतो पण लोक विसरतात.

आता बॅटरी, खरा पैसा इथे आहे. ब्रोशरवरचा रेंजचा (एका चार्जमध्ये किती जाते त्याचा) आकडा डब्ल्यूएलटीपी नावाच्या प्रयोगशाळेतल्या टेस्टचा असतो, ती टेस्ट २३ अंश तापमानाला, अर्ध्या तासाच्या ठरावीक फेरीने, सरासरी ४६.५ किमीच्या वेगाने होते. पाच माणसं, बॅगा आणि एसी घेऊन १२० ने जाताना तो आकडा येणारच नाही, कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, ९० वरून १२० वर गेलात की तो जवळपास पावणेदोन पट. १२० ला या गाडीचा खप मी १०० किमीला साडेबावीस युनिट धरतो, १०० ला १९.

तुम्ही लिहिलंय की वर्षातून दोनदा ४०० किमीवर जाता, तेवढ्यासाठी मोठी बॅटरी हवी. चला करू हिशोब. ५२ ची बॅटरी फुल करून निघालात, दहा टक्के शिल्लक ठेवायची म्हटलं तर १२० ने २०८ किमी जाल. मग फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांपर्यंत भरून (त्याच्या पुढे चार्जिंग फार मंदावतं, थांबण्यात अर्थ नाही) आणखी १६० किमी. म्हणजे ३६८, थोडक्यात हुकलं, दुसरा थांबा लागणार. ७७ ला एकच थांबा पुरतो, पहिल्या दमात ३०० च्या वर जाते. आता हेच १०० च्या वेगाने करा: ५२ वाली पहिल्या दमात २४६, थांबून आणखी १९०, झाले ४३६. एक थांबा. आणि ७७ वाली? पहिल्या दमात ३६५, म्हणजे तिलाही एक थांबा लागतोच!

म्हणजे एकतर १०० ने जा, नाहीतर १२० ने जाऊन प्रत्येक फेरीत एक जास्तीचा थांबा घ्या, अर्ध्या तासाचा धरा. वर्षातून दोनदा जाऊन-येऊन चार फेऱ्या, झाले दोन तास. वर्षातले दोन तास वाचवायला गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा आणि वर त्याच्यावर सात वर्षांचं व्याज. तेही आई आणि मुलं बरोबर असताना, जेव्हा अडीच तासांनी थांबावंच लागतं. (कडाक्याची थंडी असेल तर रेंज वीस-तीस टक्क्यांनीही पडू शकते, तुमचा प्रवास तसल्या दिवसांत असेल तर एखादा थांबा वाढवून धरा.)

मी स्वतः या बाबतीत धुतल्या तांदळासारखा नाहीये हं. माझ्या पहिल्या गाडीला सनरूफसाठी वरचं मॉडेल घेतलं होतं, पहिल्या महिन्यात चार वेळा उघडलं, नंतर एकदाच, तेही गळतंय का बघायला. शोरूममध्ये आपण वर्षातल्या दोन दिवसांसाठी खरेदी करतो आणि हप्ता मात्र उरलेल्या ३६३ दिवसांचाही भरतो.

बॅटरी खराब होईल ही भीती तुम्ही लिहिलीय. वॉरंटी आठ वर्षं किंवा १,६०,००० किमी, जे आधी होईल ते, आणि तोपर्यंत क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर कंपनीची जबाबदारी. तुमचं आठ वर्षांचं रनिंग साधारण १,०५,६०० किमी, म्हणजे तुम्हाला वर्षं आधी लागतील, किलोमीटर नाही. ५२ च्या बॅटरीत एका फुल चार्जला २९० किमी धरले तर आठ वर्षांत साडेतीनशेच्या थोड्या वर पूर्ण चक्रं, हे बॅटरीला काहीच नाही. तिला खातं ते ऊन आणि शंभर टक्के भरून दिवसेंदिवस उभं ठेवणं. यातल्या सेलची केमिस्ट्री निकेल-मँगनीज-कोबाल्टची, त्यामुळे रोज ८० टक्क्यांवर थांबवा, लांब जायच्या आदल्या रात्रीच १०० करा. (लिथियम आयर्न फॉस्फेटवाल्या गाड्यांचा नियम उलटा, तिथे अधूनमधून १०० करायला कंपन्याच सांगतात, तेव्हा शेजाऱ्याचा सल्ला आपल्या गाडीला लावू नका.) आणि समजा सगळं वाईट होऊन ५२ ची क्षमता ७० टक्क्यांवर आली, तरी ३६ युनिट उरतात, म्हणजे ऑफिसचे पाच दिवस. एका चार्जमध्ये.

आता लोन. सात वर्षांचा हप्ता छोटा दिसतो, पण सुरुवातीची वर्षं मुद्दल हळूहळू उतरतं आणि गाडीची किंमत मात्र भराभर उतरते. इलेक्ट्रिकमध्ये हे जास्त, कारण बॅटऱ्या स्वस्त होत चालल्यात आणि नवीन गाडी स्वस्त झाली की तुमच्या जुन्या गाडीचा भाव त्याच दिवशी पडतो. जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाने किमती कापल्या तेव्हा आधी घेतलेल्यांना हे कळलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये भाड्याच्या गाड्यांच्या हर्ट्झ कंपनीने वीस हजार इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या, घसारा आणि अपघातानंतरची दुरुस्ती दोन्ही अंगावर आल्यामुळे. उद्या तुमची गाडी टोटल लॉस झाली तर इन्शुरन्स देणार त्या दिवशीच्या किमतीप्रमाणे, बँक मागणार शिल्लक लोन, आणि मधली दरी भरायला जी ठेव हवी ती तुम्ही डाउन पेमेंटमध्ये घालवलेली. म्हणून पाच वर्षं. ५२ घेतली तर तो पाचवा हिस्सा वाचतोच, तुमच्या आकड्यांवरून खड्डाही बुजतोय, आणि हप्ता तुमच्या पगाराला झेपतोय, मी करून बघितलं.

इन्शुरन्सचं कोटेशन बुकिंगच्या आधी घ्या, नंतर नाही. बॅटरी सगळी फ्लोअरखाली पसरलेली असते, खालून दगड लागला तर काय कव्हर होतं ते लेखी विचारा.

सर्व्हिसिंगमध्ये फार बचत धरू नका. ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही, क्लच नाही हे खरं, पण ब्रेक फ्लुइड, कूलंट, केबिन फिल्टर आहे, आणि छोटी १२ व्होल्टची बॅटरी आहेच, ती बसली तर एवढी मोठी बॅटरी असून गाडी सुरूसुद्धा होणार नाही. टायर मात्र लवकर जातील, गाडी दोन टनांच्या घरात. मागचे ब्रेक ड्रमचे बघून तुमच्या मिस्टरांना कंजूषपणा वाटला म्हणे, तो तसा नाहीये, मोटरच गाडी इतकी अडवते की मागचे ब्रेक फारसे वापरातच येत नाहीत, डिस्क असत्या तर गंजल्या असत्या.

बाकी गाडी म्हणून तुमच्या घराला बसते. बसायची उंची आईंना सोयीची, मागे फ्लोअर सपाट त्यामुळे मधल्याला पाय ठेवायला जागा, डिकी ५४३ लिटर. एकदा आईंनाच शोरूमला न्या आणि चार वेळा चढा-उतरायला लावा, माझ्या आकड्यांपेक्षा ते महत्त्वाचं.

वापरलेली ७७ घेऊ का असंही शेवटी विचारलंत. तीन वर्षांची, एकाच मालकाची, बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट असलेली, नव्या ५२ पेक्षा बऱ्यापैकी स्वस्त मिळाली तर जरूर बघा, वॉरंटी पहिल्या विक्रीपासून मोजतात म्हणजे पाच वर्षं उरतात, आणि लोनही नेमकं तेवढंच. सारख्याच किमतीला मिळत असेल तर नको.

आणि बुकिंगची रक्कम परत मिळते का, किती दिवसांत, हे पावतीवर लिहून घेतल्याशिवाय भरू नका.