उंदराची भीती गेली, पण ओळखही गेली

प्रश्न: माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, अभ्यासात बरा आहे पण कॉलेजात कुणाशी बोलतच नाही, लग्नकार्याला चल म्हटलं की पोटात दुखायला लागतं. व्हॉट्सॲपवर आलं होतं की उंदराच्या मेंदूतला एक रिसेप्टर काढला आणि त्याची भीतीच पळाली. ऑनलाइन ऑक्सिटोसिनचा नाकात मारायचा स्प्रे मिळतोय, देऊन बघू का?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: ताई, स्प्रे अजिबात मागवू नका. उंदराचं तुम्ही वाचलंत ते खरंय, पण अर्धंच तुमच्यापर्यंत आलं.

मेंदूत व्हॅसोप्रेसिन, ऑक्सिटोसिन असे छोटे प्रथिनासारखे रेणू असतात, ते पेशीवरच्या ठरावीक रिसेप्टरला चिकटले की पेशीचं काम बदलतं. अमेरिकेत मेंदूचा अभ्यास करणारे लॅरी यंग यांच्या गटाने 2004 मध्ये व्हॅसोप्रेसिनचा व्ही-वन-ए हा रिसेप्टर नसलेल्या उंदरांवर काम केलं. अधिकच्या चिन्हासारखी उंचावर ठेवलेली पट्टी असते, दोन बाजूंना भिंती आणि दोन बाजू उघड्या, खाली पडायची भीती. साधा उंदीर भिंतीच्या आडोशालाच जास्त वेळ काढतो, मध्येच तोंड बाहेर काढून बघतो आणि परत आत. हे नर मात्र उघड्या पट्टीवर बराच जास्त वेळ फिरले. इथपर्यंत तुमच्या मेसेजमध्ये होतं.

पुढचं असं की त्याच नरांना समोरचा उंदीर ओळखूच येईना. एरवी नवीन उंदीर आला की नर त्याला खूप हुंगतो, तोच परत परत आणला की हुंगणं कमी होत जातं कारण ओळख झालेली असते. हे दरवेळी नव्यासारखे हुंगत राहिले! मग मेंदूतल्या सेप्टम नावाच्या भागात तेवढाच रिसेप्टर परत घातला तेव्हा ओळख परत आली. आणि माद्यांमध्ये तोच रिसेप्टर काढला तर भीतीत काही फरकच नाही पडला. म्हणजे एकच रिसेप्टर, पण तो मेंदूत कुठे बसलाय आणि प्राणी नर आहे का मादी यावर सगळं ठरतं, मला तरी या संशोधनातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

आता ऑक्सिटोसिन. बाळंतपणात कळा वाढवायला सलाइनमधून देतात ते हेच, आणि म्हशीने पान्हा सोडावा म्हणून काही गोठ्यांत चोरून टोचतात तेही हेच. रक्तातून ते मेंदूत सहज शिरत नाही, म्हणून नाकाचा मार्ग शोधला, पण ऑटिझम असलेल्या सुमारे 290 मुलांवरची मोठी चाचणी 2021 मध्ये छापून आली त्यात 24 आठवडे स्प्रे देऊनही लोकांत मिसळण्यात खोट्या स्प्रेपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. ताणाशी संबंधित सीआरएफ नावाच्या रेणूचा रिसेप्टर काढला तेव्हाही तसंच, उंदीर धीट झाले पण तोच रिसेप्टर अडवणारी माणसांसाठी केलेली औषधं चिंतेवर टिकली नाहीत.

तुमच्या मुलाचं पोट खरंच दुखत असणार, नाटक म्हणू नका त्याला. लोकांत जायच्या अशा भीतीवर समुपदेशकाकडे थोडं थोडं सामोरं जायचं शिकवतात, त्याचा चांगला उपयोग होतो, आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ तपासून गोळ्या देतात. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आधी तुम्ही स्वतः फोन करून विचारलंत तरी चालेल.