एमबीबीएसनंतर पब्लिक हेल्थ: भारतात एमडी पीएसएम करावं की अमेरिका-यूकेला जाऊन एमपीएच? डॉक्टरला कुठे जास्त स्कोप आहे?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "रँक खाली गेलीय, क्लिनिकल ब्रांच मिळणार नाही, म्हणून पब्लिक हेल्थचा विचार करतोय." हे 'म्हणून' वाचलं आणि राहवलं नाही. मी एमडी पीएसएम (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, म्हणजे रोगप्रतिबंध आणि समाजाचं आरोग्य ही शाखा) आहे, आणि मेडिसिनची सीट मिळत असताना ही ब्रांच मागून घेतली होती. नंतर लंडनला एक वर्षाचं मास्टर्स केलं, परत आले, आता जिल्ह्यात साथरोग सर्वेक्षणाचं काम करते.

पहिली गोष्ट, एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) म्हणजे स्पेशालिस्ट होणं नव्हे, इथेच निम्मी मुलं फसतात. अमेरिकेत एमपीएचला डॉक्टर असावं लागत नाही, शेजारच्या बाकावर नुकतीच ग्रॅज्युएट झालेली पोरं असतात, आणि पास झाल्यावर तुमची एमबीबीएस तिथे बाजूलाच राहते, नोकरी मिळते ती बहुतेक रिसर्च को-ऑर्डिनेटर नाहीतर डेटा अ‍ॅनालिस्टची. डॉक्टर म्हणूनच हे काम करायचं असेल तर तिथे प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे स्पेशालिस्ट होण्याचं ट्रेनिंग, आहे, एक वर्ष क्लिनिकल आणि पुढे दोन वर्षं, एमपीएच त्यातच होतं, पण त्याला यूएसएमएलई, म्हणजे तिथली डॉक्टरांची परवाना परीक्षा, द्यावीच लागते. यूकेत मास्टर्स धरून पाच वर्षांचं पगारी ट्रेनिंग, फॅकल्टी ऑफ पब्लिक हेल्थच्या दोन परीक्षा आणि शेवटी कन्सल्टंट. तिथे डॉक्टर नसलेल्यांनाही घेतात, त्यामुळे स्पर्धा भयंकर. कॅनडात पाच वर्षांची रेसिडेन्सी, ऑस्ट्रेलियात रजिस्ट्रेशन आणि एमपीएच झाल्यावर तीन वर्षांचं अ‍ॅडव्हान्स्ड ट्रेनिंग. आपल्याकडे एमडी तीन वर्षांचं, नीट पीजीतून, हे तुम्हाला माहीतच आहे.

आता त्या 'म्हणून'बद्दल. माझे एक काका सर्जन आहेत, तालुक्याच्या गावी नर्सिंग होम. मी पीएसएम घेतलं तेव्हा सगळ्या घरासमोर म्हणाले, "डॉक्टर होऊन गटारं मोजत फिरणार का?" एमडी झाल्यावर योगायोगाने मी त्याच भागात कामाला लागले आणि पहिल्याच पावसाळ्यात जवळच्या एका गावात गॅस्ट्रोची साथ आली. काकांचं नर्सिंग होम भरून गेलं, व्हरांड्यात गाद्या टाकून, खिडकीच्या गजांना बाटल्या अडकवून सलाईन चालू होती. काकांनी रात्र-रात्र जागून माणसं वाचवली, ते मी कधीच नाकारलं नाही. पण रोज सकाळी नवे पेशंट यायचे ते त्याच गावातून, आणि नीट विचारलं तर त्यातलेही बहुतेक खालच्या आळीतले.

मी आणि तिथले आरोग्य सेवक वही घेऊन घरोघर फिरलो, कोण कधी आजारी पडलं, कुठल्या नळाचं पाणी पितात, सगळं लिहून काढलं. मग ओटी टेस्ट. पाण्यात ओटी नावाच्या द्रावणाचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. टाकीखालच्या नळाला पिवळं, ग्रामपंचायतीपाशी पिवळं, आणि खालच्या आळीत शेवटच्या चार नळांना काहीच रंग नाही. म्हणजे जलसुरक्षक टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) नीट टाकत होता, गडबड मधे कुठेतरी होती. पाइपलाइन धरून चालत गेलो तर व्हॉल्व्हचा खड्डा गटाराच्या पाण्याने भरलेला, व्हॉल्व्ह गळका. गावाला पाणी दिवसातून एकदाच सुटायचं, ते बंद झालं की रिकामा पाइप ते घाण पाणी आत ओढून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी तेच पहिल्या धारेला लोकांच्या हंड्यात. सरपंच पाणी बंद करायला तयार नव्हते, गावाची बदनामी होते म्हणे. दुपारभर हुज्जत घातली, टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) साहेबांना फोन लावला, तेव्हा कुठे नळ बंद होऊन टँकर आला आणि व्हॉल्व्ह बदलला. दोन-तीन दिवसांत नवे पेशंट यायचे थांबले.

त्यानंतर एका लग्नात पंगतीत काका म्हणाले, "सलाईन मी लावल्या, तू काय केलंस?" तेव्हा मोठ्यांसमोर गप्प बसले, आज लिहिते. काका, तुमच्याकडे जे आले ते तुम्ही बरे केलेत. जे आलेच नाहीत त्यांची यादी कुठल्याच रजिस्टरला नसते, पण ती माणसं आहेत, त्या आळीत आज फिरतायत. आणि काका ज्यांचं नाव आदराने घेतात ते गडचिरोलीचे डॉ. अभय बंग एमडी मेडिसिन आणि डॉ. राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ, दोघांनीही जॉन्स हॉपकिन्सला जाऊन एमपीएच केलं. जामखेडला गावोगावी आरोग्यसेवा उभी करणारं आरोळे दांपत्यही तिथेच शिकून आलं होतं. यांना काय क्लिनिकल मिळत नव्हतं म्हणून? बंगांनी गावातल्या बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांवर उपचार करून दाखवले, नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचं काम करतात. बंगांचं कौतुक करायचं आणि पुतणीने तेच शिक्षण घेतलं की गटारं, हे मला कधीच पटलं नाही.

स्कोपचं विचारलंत तर खरा प्रश्न डिग्रीनंतर खुर्ची कुठली मिळते हा आहे. त्या गावात नळ बंद करायचा अधिकार मला नव्हता, सरपंचाच्या हातापाया पडावं लागलं. इंग्लंडमध्ये डायरेक्टर ऑफ पब्लिक हेल्थ हे पद कायद्याने आहे, २०१३ पासून हे लोक कौन्सिलमध्ये बसतात, आपल्या भागाच्या आरोग्याचा वार्षिक रिपोर्ट लिहितात आणि कौन्सिलला तो आवडो न आवडो, छापावाच लागतो. आपल्याच देशात तमिळनाडूत १९३९ चा पब्लिक हेल्थ कायदा आहे, वेगळं संचालनालय आहे आणि त्या केडरमध्ये (पब्लिक हेल्थच्या वेगळ्या सरकारी सेवेत) वर जायला पब्लिक हेल्थची पदवी लागते. महाराष्ट्रात मात्र डीएचओच्या (जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या) खुर्चीवर बऱ्याचदा सिनिऑरिटीने माणूस येतो आणि एमडी पीएसएम झालेला मेडिकल कॉलेजात लेक्चर घेत बसतो. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीने पब्लिक हेल्थ शिकलेली माणसं हवीत हे १९४६ साली सांगून ठेवलंय, २०१७ च्या आरोग्य धोरणात केडर करा म्हटलंय, २०२२ ला केंद्राने राज्यांना मार्गदर्शक सूचनाही पाठवल्यात. तरी जिल्ह्यात खुर्च्या होत्या तिथेच आहेत. याची मला चीड आहे आणि ती असलीच पाहिजे.

तेव्हा माझं मत विचाराल तर आधी इथे एमडी करा, मग वाटलं तर स्कॉलरशिपवर बाहेरचं एक वर्ष. कर्ज काढून थेट अमेरिकेत एमपीएच करू नका. फील्डची आवड असेल तर चेन्नईच्या एनआयईचा (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिऑलॉजी) एपिडेमिऑलॉजीचा, म्हणजे साथरोगशास्त्राचा, मास्टर्स आणि एनसीडीसीचा (केंद्राचं रोगनियंत्रण केंद्र) साथींचा तपास शिकवणारा दोन वर्षांचा ईआयएस प्रोग्रॅम हेही बघा. अर्थात यूकेत कायमचं राहायचंच असेल तर हा सल्ला तुमच्यासाठी नाही, तिथे डॉक्टर म्हणून ट्रेनिंगला घुसायचं तर जीएमसीचं (तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलचं) रजिस्ट्रेशन आणि फाउंडेशन ट्रेनिंगच्या, म्हणजे तिथे डॉक्टर झाल्यावरच्या पहिल्या दोन वर्षांच्या, तोडीचा अनुभव लागतो, ती तयारी आत्तापासून करावी लागेल. आणि पैसा हाच निकष असेल तर सर्जन बहुतेक देशांत जास्त कमावतो, तिथे वाद नाही. इथल्या बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी आहेत, हेही घरी आधीच सांगून ठेवा.

पीएसएम घ्यायचं ठरलंच तर कॉलेज निवडताना तिथल्या आत्ताच्या रेसिडेंटला फोन करा. रूरल हेल्थ सेंटर खरंच चालतं का आणि साथ आली की रेसिडेंटला गावात पाठवतात का, एवढं विचारा. नाही म्हणाला तर ती सीट सोडा, पुढच्या राऊंडची वाट बघा.