पहिल्यांदा इंजिन खोलताय? आधी एवढं वाचा

अरे मित्रा, स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं इंजिन शिकायला एकदम मस्त आहे, घाबरू नकोस, फक्त घाई करू नकोस. खोलताना प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढ आणि बोल्ट कुठला कुठून निघाला ते पुठ्ठ्यावर भोकं पाडून त्यातच खोचून ठेव, कारण लांबी वेगवेगळी असते आणि चुकीचा लांब बोल्ट आवळला की केसिंगला तडा जाऊ शकतो.

बोअर करायचं (म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कातून मोठा करायचा) असेल तर आधी पिस्टन विकत घे आणि तोच लेथवाल्याकडे ने, त्याच्या मापाने सिलिंडर बोअर होतो, उलटं नाही. नवीन लोक इथेच चुकतात.

बसवताना:
- पिस्टनवरची 'आयएन' खूण कार्ब्युरेटरच्या (इनटेकच्या) बाजूला
- पिस्टनच्या रिंगांची तोंडं (रिंग जिथे कापलेली असते ती फट) एका रेषेत नकोत, धूर मारेल
- पिस्टन पिनची लॉक (पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या बारीक रिंगा) नवीनच टाक, आणि लावताना खाली क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) तोंडावर स्वच्छ फडकं, नाहीतर लॉक आत पडलं की पुन्हा सगळं खोल

सांध्यांना सिलिकॉन (गळती थांबवायची पेस्ट) थापू नकोस रे, जास्तीचं आत सुटून ऑइलची वाट बंद करतं. किक मारायच्या आधी मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चाक) हाताने दोन-तीन फेरे फिरव, कुठे अडलं तर जोर न लावता टायमिंगच्या खुणा (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ जुळवायच्या) परत बघ. व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह घासून त्याच्या जागेवर घट्ट बसवणं) वगैरे नंतर शिक, आधी हे इंजिन चालू होऊ दे.