गूगलवर बोली दुप्पट केली तर जाहिरात पहिल्या क्रमांकावर येईल का?

बोली, म्हणजे एका क्लिकसाठी देऊ केलेली कमाल रक्कम, दुप्पट केल्याने गंगापूर रोडवरील आपल्या होमस्टेची जाहिरात ‘नाशिक होमस्टे’ या शोधात वर सरकण्याची शक्यता वाढते, परंतु पहिले स्थान हमखास मिळत नाही. प्रत्येक शोधाच्या वेळी नवा लिलाव होतो आणि त्यात ‘अ‍ॅड रँक’ (जाहिरातीचे स्थान ठरवणारा गुणांक) ठरवताना बोलीबरोबरच जाहिरातीवर क्लिक होण्याची शक्यता, शोधाशी तिची सुसंगती, क्लिकनंतर उघडणाऱ्या पानाचा दर्जा, तसेच शोधणाऱ्याचे ठिकाण व उपकरण यांचाही विचार होतो, असे गूगलने जाहिरातदारांसाठीच्या माहितीत स्पष्ट केले आहे. प्रत्यक्ष सूत्र बरेच गुंतागुंतीचे असले, तरी ढोबळ हिशेब असा: २० रुपये बोली व दर्जाचे ८ गुण यांचा गुणाकार १६०, तर ३० रुपये व दर्जाचे ४ गुण यांचा केवळ १२०, म्हणजे कमी बोलीची जाहिरात वर राहते. म्हणून खोल्यांचे दर, छायाचित्रे आणि मोबाइलवर पान उघडण्याचा वेग यांकडे आधी लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सुचवेन. मात्र किमान पात्रतेइतका अ‍ॅड रँक नसेल, तर जाहिरात मुळीच दिसत नाही. अशा वेळी बोली टप्प्याटप्प्याने वाढवून पाहणे योग्यच ठरते.