आजार जबड्याचा, मग अँजिओ पायाची कशाला?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. आमच्या काकांना (वय ५८, केळीची शेती) गुटख्यापायी खालच्या जबड्याचा कॅन्सर निघालाय. जबड्याचं हाड काढून तिथं पायाचं हाड बसवणार म्हणे, आणि त्याआधी दोन्ही पायांची सीटी अँजिओ सांगितलीय. काका म्हणतात, 'दुखनं तोंडनं आन फोटू पायना कसाले?' आम्हालाही शंका येतेय, बिल फुगवायला तर नाही ना? आणि नंतर त्यांना शेतात फिरता येईल का? – एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : काकांचा प्रश्न एकदम रास्त आहे हो, पण ही तपासणी (शिरेतून डाय म्हणजे रंगद्रव्य देऊन काढलेला रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) टाळू नका.

नडगीच्या बाहेरच्या अंगाला फिब्युला नावाचं बारीक हाड असतं, ते रक्तवाहिनीसकट काढून मानेतल्या रक्तवाहिनीला जोडतात म्हणजे हाड जिवंत राहतं. १९८९ मध्ये न्यूयॉर्कचे सर्जन हिडाल्गो यांनी जबड्यासाठी हे तंत्र मांडलं, आज आपल्याकडेही सर्रास होतं, गुटख्याची कृपा, दुसरं काय.

आता मुद्दा असा की गुडघ्याच्या खाली रक्त न्यायला तीन धमन्या असतात, एक पुढून, एक मागून आणि तिसरी या फिब्युलाला चिकटून जाणारी पेरोनिअल, आणि हाडाबरोबर ही तिसरी काढावी लागते. उरलेल्या दोन पायाच्या पंजाला पोसतात, बहुतेकांचं त्यात छान भागतं. पण १०० मधल्या साधारण ८-१० जणांची रचना वेगळी निघते. कुणाच्या धमनीला गुडघ्याच्या वरच फाटे फुटतात, कुणाची पुढची नाहीतर मागची एकदम बारीक, आणि क्वचित एखाद्याच्या त्या दोन्ही नावापुरत्या आणि सगळा पंजा एकट्या पेरोनिअलवर. अशा माणसाची पेरोनिअल काढली तर पंजाच धोक्यात. बरं, माणसाला आयुष्यभर काही त्रास नसतो त्यामुळे कळतही नाही. नुसती घोट्याजवळची नाडी बघून भागत नाही, कारण पेरोनिअलच पुढे जाऊन तिथली नाडी चालवत असेल तर ती व्यवस्थित लागते, म्हणून ही अँजिओ.

शिवाय तंबाखूने धमन्या आकसतात, तेही त्यात दिसतं. एक पाय अडचणीचा निघाला तर दुसरा घेतात, दोन्ही निघाले तर खांद्याच्या फऱ्याचं हाड वगैरे पर्याय आहेत.

जाण्याआधी क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) करून घ्या, डाय किडनीवाटे बाहेर जातो, आणि शुगरची गोळी चालू असेल तर तसं सांगा.

चालण्याचं म्हणाल तर वजन मुख्यतः नडगी पेलते, फिब्युलाची दोन्ही टोकं गुडघा-घोट्यासाठी ठेवतात. पायाचा अंगठा थोडा कमजोर वाटू शकतो, पण बागेत फेरफटका होईल, केळीचे घड उचलायचं मात्र सर्जनला विचारूनच.